टीआय-८४ प्लसच्या पडद्यावरचे फसवे आलेख

टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या कृष्णधवल पडद्यावर ९६ × ६४ ठिपके असतात. त्यांतले ९५ × ६३ आलेखाच्या वाट्याला येतात. म्हणजे फलनाची किंमत जास्तीत जास्त ९५ जागी काढली जाते आणि मधला भाग रेघ ओढून जोडला जातो. सगळी गंमत इथेच होते. ‘झेडट्रिग’ या झूम-पर्यायात शेजारच्या दोन ठिपक्यांत पाय/२४ एवढे अंतर असते. त्यामुळे रेडियनमध्ये साइन(४९क्ष) काढला, तर हुबेहूब साइन(क्ष) उमटतो. साइन(४८क्ष) तर चक्क अक्षावर आडवा पडतो! ‘झेडस्टँडर्ड’ या दुसऱ्या झूम-पर्यायात १/(क्ष−१) काढताना अनंतस्पर्शी ओळखण्याची सोय बंद असेल, तर क्ष = १ जवळ प्रत्यक्षात नसलेली उभी रेघ दिसते. तिथेच वर्तुळही चपटे होते; त्यासाठी ‘झेडस्क्वेअर’ वापरावा.