डाव्या पायाखालचे यंत्र

मोटारींच्या शर्यतीचे वर्णन करणारे बहुधा एंजिनाची शक्ती, गाडीचा वेग आणि चालकाचे धाडस यांविषयी बोलतात. चालकाच्या डाव्या पायाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि गाड्या रांगेत उभ्या राहून सुटण्याच्या इशाऱ्याची वाट पाहत असतात, त्या शेवटच्या क्षणांत क्लचचे पेडल याच पायाने दाबून धरलेले असते. धडधडणारे एंजिन आणि स्तब्ध चाके यांच्यामधील संबंध तेवढ्यापुरता तोडून ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते. हा संबंध तोडणारी यंत्रणा जुन्या शर्यतीच्या गाडीत सुधारावयाची झाल्यास आरंभ कोठून करावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

उदाहरणादाखल इंग्लंडमधील एम. जी. बी. ही गाडी घ्यावी. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत असे. बेताच्या किमतीची ही क्रीडागाडी फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांच्या शर्यतीतही उतरली, आणि १९६५ साली पॅडी हॉपकर्क व अँड्र्यू हेजेस यांनी तिला अकरावा क्रमांक मिळवून दिला. आज अशा गाड्या ऐतिहासिक शर्यतींतून धावतात, आणि त्यांच्या क्लचपुढे नव्या मागण्या उभ्या राहतात.

एंजिनाच्या फिरत्या फ्लायव्हीलवर क्लचची तबकडी एका बशीसारख्या पसरट स्प्रिंगने घट्ट दाबून धरलेली असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रव नळीवाटे स्लेव्ह सिलिंडरमध्ये ढकलला जातो. तेथील दट्ट्या एक द्विशाखी तरफ हलवितो. तरफेच्या दुसऱ्या टोकाला असलेले रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या मध्यभागावर दाब देते. मध्य आत गेला की कड सैल होते आणि तबकडी सुटी होते. एम. जी. बी. मध्ये या बेअरिंगमध्ये पोलादी छरे नाहीत. ते कार्बनचे एक साधे कडे आहे. तरफ आपल्या खिळीभोवती फिरत असल्यामुळे कडे सरळ रेषेत न जाता किंचित कमानीतून सरकते व केंद्रापासून थोडे ढळते. कार्बन त्यावेळी घसरून जागा घेतो, हा त्याचा गुण. मात्र जितका वेळ पेडल दाबलेले, तितका वेळ तो झिजत असतो, हा त्याचा दोष.

शर्यतीसाठी एंजिनाची शक्ती वाढविली की क्लच घसरू लागतो. तेव्हा अधिक कडक स्प्रिंग बसविणे हा उपाय प्रथम सुचतो. घसरणे त्याने थांबतेही. परंतु पेडल दाबताच तो सारा वाढीव दाब बेअरिंगमधून क्रँकशाफ्टवर येतो आणि शाफ्टला पुढे रेटू लागतो. हा रेटा सोसण्यासाठी मधल्या बेअरिंगपाशी अर्धचंद्राकृती पातळ चकत्या असतात. त्या झिजल्या की पेडल दाबताना क्रँकशाफ्टच पुढे सरकतो आणि स्प्रिंगला मिळावयाची हालचाल तो मध्येच गिळून टाकतो. क्लच पुरता सुटत नाही, गिअर करकरतात; आणि चालकाचा समज होतो की क्लचच निकामी झाला. चकत्या फार झिजल्या, तर प्रत्यक्ष एंजिनालाच इजा पोहोचते.

म्हणून शहाणा कारागीर नवे भाग मागविण्यापूर्वी मोजमाप करतो. क्रँकशाफ्ट मागेपुढे किती हलतो, हे तो प्रथम पाहतो. नंतर पेडलाची खीळ काढून भोक लांबट झाले आहे काय, याची तपासणी करतो. वर्षानुवर्षांच्या वापराने खिळी झिजतात आणि पायाच्या हालचालीचा काही भाग त्या ढिलाईतच वाया जातो. कित्येकदा एवढीशी खीळ बदलल्यानेही अर्धे दुखणे बरे होते.

यानंतर सिलिंडरांचा हिशेब येतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सतराव्या शतकातील सिद्धान्त येथे कामी येतो. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर व स्लेव्हचा ३० मिलिमीटर मानला, तर क्षेत्रफळे १ ला २.२५ या प्रमाणात येतात. जोर सव्वादोन पट होतो. परंतु मास्टरचा दट्ट्या २७ मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा १२ च सरकतो. पेडल हलके करू जावे, तर हालचाल घटते. हालचाल वाढवू जावे, तर पेडल जड होते. निसर्ग येथे फुकट काही देत नाही.

तरफेची कटकटच नको असल्यास गिअरपेटीच्या शाफ्टभोवती बसणारा वर्तुळाकार स्लेव्ह सिलिंडर घालता येतो. तो छऱ्यांच्या बेअरिंगला सरळ रेषेत ढकलतो. कमानीचा दोष उरत नाही. मात्र त्याची रबरी कडी गळू लागली, तर ती बदलण्यासाठी एंजिन उतरवावे लागते. बाहेर बसविलेला जुना सिलिंडर मैदानातच दुरुस्त होऊ शकतो. पेडल ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून नव्या व्यवस्थेत अडसर बसविणेही अगत्याचे असते; अन्यथा दट्ट्या आपली सीमा ओलांडतो आणि स्प्रिंगही दुखावते.

शिवाय आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे ऐतिहासिक शर्यतींविषयीचे नियम आहेत. गाडी आपल्या काळातील रचनेला धरून असावी, हा त्यांचा मूळ आग्रह. तेव्हा सुधारणा करण्यापूर्वी ती मान्य आहे की नाही, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

एवढे सारे करूनही एक उपाय शिल्लक राहतो, आणि त्याला दमडीही लागत नाही. इशाऱ्याला अवकाश असेल तोवर गिअर सुटा ठेवावा आणि पेडलावरून पाय उचलावा. तेवढ्या वेळापुरती कार्बनच्या कड्याची झीज थांबते, चकत्यांवरचा रेटा उतरतो, आणि जुन्या एंजिनाचे आयुष्य वाढते.