जुनी सौर पॅनेले : पारख आणि जोडणी

सौर कृषिपंपांचा प्रसार गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झाला आहे. २०१९ साली केंद्र शासनाची 'पीएम-कुसुम' योजना सुरू झाली व २०२४ साली राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आली. शेताबरोबरच घरांच्या आणि कारखान्यांच्या छपरांवरही पॅनेले चढली. जेथे नवा माल येतो तेथे जुना बाजूस पडतो, हा व्यवहार येथेही चालू झाला आहे. अधिक शक्तीची पॅनेले बसविताना उतरविलेली, वादळात चौकट वाकलेली किंवा पंप बदलल्यामुळे निरुपयोगी ठरलेली पॅनेले आता भंगारवाल्यांकडे येऊ लागली आहेत. नव्याच्या मानाने ती पुष्कळच स्वस्त मिळतात. गोठ्यावर दोन दिवे, रानातील खोपीवर एखादा पंखा व मोबाइल चार्ज करण्याची सोय, एवढीच ज्या शेतकऱ्याची गरज आहे, त्याला असे पॅनेल घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

अशा खरेदीस सरसकट नको म्हणण्याचे कारण नाही. सिलिकॉनचे चांगले पॅनेल वर्षाला साधारणपणे अर्धा ते एक टक्का या गतीने आपली शक्ती गमावते. म्हणजे दहा वर्षे उन्हात राहिलेल्या २५० वॉटच्या पॅनेलात बहुधा २२५ वॉटच्या आसपास शक्ती शिल्लक असते. खोपीच्या कामास एवढी शक्ती पुरून उरते. परंतु गिऱ्हाईक नेमका येथेच फसतो. 'वीज किती देते?' एवढाच प्रश्न तो विचारतो, विक्रेता उन्हात मीटर लावून व्होल्ट दाखवितो आणि सौदा होतो. वस्तुतः कमी वीज देणारे पॅनेल निर्धोक असू शकते, आणि भरपूर वीज देणारे पॅनेल धोक्याचे असू शकते. धोका असतो तो आतील वीज चौकटीत अथवा पावसाच्या पाण्यात उतरू देणाऱ्या पॅनेलात आणि ढिल्या, जळक्या जोडांत. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी असते, पत्र्याच्या छपराखाली ओल्या जमिनीवर जनावरे बांधलेली असतात. मनुष्याला जाणवणार नाही इतका विजेचा अल्प दाबही गाई-म्हशींना त्रास देतो. यास्तव खरेदीपूर्वी पॅनेलाची चार प्रकारे पारख करणे अगत्याचे आहे.

डोळ्यांनी पारख

पॅनेल प्रथम उभे धरून काच पाहावी. काचेस तडा असेल तर मीटर काहीही दाखवो, ते पॅनेल घेऊ नये. पहिल्याच पावसात तड्यातून पाणी आत शिरते व वीज चौकटीपर्यंत पोहोचण्यास वाट मिळते. नंतर पॅनेल पालथे करावे. मागील पांढऱ्या आवरणावर हात फिरविला असता खडूसारखी पूड हातास लागत असेल, अथवा त्यावर भेगा दिसत असतील, तर ते आवरण जीर्ण झाले आहे असे समजावे.

सेलांवर गोगलगाय सरकून गेल्यासारख्या तपकिरी रेषा कित्येकदा दिसतात. त्या सेलांतील बारीक चिरांच्या खुणा होत. त्यांमुळे वीज काहीशी कमी मिळते, परंतु तेवढ्याने पॅनेल धोकादायक ठरत नाही. सेलांवरील पिवळसर झाकही अशीच. याच्या उलट, काचेखाली फुगे आलेले असून त्यांची ओळ सेलापासून थेट चौकटीपर्यंत गेली असेल, तर ते पॅनेल नाकारावे. तीच पाणी व वीज जाण्याची वाट होय. मागे कोठेही काळा जळका डाग असेल, किंवा जेथून तारा बाहेर येतात त्या पेटीचे झाकण उघडल्यावर करपल्याचा वास येत असेल, तर पुढील पारख करण्याची आवश्यकताच उरत नाही.

पॅनेलाच्या पाठीवरील छापील पट्टीवर वॉट, खुल्या परिपथाचा दाब, लघुपरिपथाचा प्रवाह व अनुक्रमांक हे लिहिलेले असते. पट्टी खरवडून काढलेली असेल तर माल चोरीचा असण्याचा संभव असतो. शेतातील सौर पंपांची पॅनेले चोरीस जाण्याचे प्रकार घडले आहेत. अनुक्रमांक घातलेली पावती मागण्यात संकोच बाळगू नये.

मीटरने पारख

स्वच्छ उन्हात, दुपारच्या सुमारास, पॅनेलाच्या दोन तारांमधील दाब मल्टिमीटरच्या डीसी बाजूवर मोजावा. ३६ सेलांच्या पॅनेलाचा दाब पट्टीवर २१ ते २२ व्होल्ट, ६० सेलांच्याचा ३७ ते ३८ आणि ७२ सेलांच्याचा ४४ ते ४६ व्होल्ट असा साधारणतः लिहिलेला असतो. पॅनेल तापले की दाब उतरतो. म्हणून पट्टीवरील आकड्याहून दहा-बारा टक्के कमी आढळल्यास चिंतेचे कारण नाही. ६० सेलांच्या पॅनेलात सेलांच्या तीन रांगा व बहुधा तीन डायोड असतात. अशा पॅनेलाचा दाब ३७ च्या जागी २५ च्या आसपास येत असेल, तर एक डायोड निकामी होऊन पॅनेलाचा तिसरा हिस्सा बंद पडला आहे, हे ओळखावे.

प्रवाह मोजताना अधिक जपावे लागते. पॅनेलावर जाड घोंगडे अथवा दुहेरी ताडपत्री घालून मीटरच्या तारा आधी पक्क्या जोडाव्यात, मग आच्छादन काढून आकडा पाहावा, पुन्हा झाकावे आणि त्यानंतरच तारा सोडाव्यात. उघड्या उन्हात चालू प्रवाहाची तार ओढल्यास ठिणगी लांबत जाऊन हात भाजतो. शिवाय साध्या मल्टिमीटरची मर्यादा १० अँपिअरची असते. ६० सेलांचे जुने पॅनेल आठ-नऊ अँपिअर देते. परंतु अलीकडच्या मोठ्या पॅनेलांचा प्रवाह तेराच्याही पुढे जातो. तेथे तारेभोवती लावण्याचा डीसी क्लॅम्प मीटरच वापरावा.

मेगरची पारख

ही सर्वांत महत्त्वाची पारख असून तीच बहुधा वगळली जाते. विहिरीवरील मोटारीची वाइंडिंग जमिनीला लागली आहे की नाही हे पाहण्यासाठी रिवाइंडिंगवाले जो मेगर वापरतात, तोच येथे उपयोगी पडतो. पॅनेल झाकून त्याच्या दोन्ही तारा एकत्र जोडाव्यात. मेगरचे एक टोक त्या तारांना व दुसरे चौकटीच्या उघड्या धातूला लावावे. रंगाचा थर आड येत असल्यास तो खरवडावा. कोरड्या पॅनेलावर एकदा ५०० व्होल्टवर वाचन घ्यावे. मग काच, पाठ व कडा यांवर झारीने पाणी शिंपडून पुन्हा वाचन घ्यावे. तारांची उघडी टोके मात्र कोरडी राहिली पाहिजेत. मेगर चालू असता पॅनेलास कोणी हात लावू नये.

आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी जी मर्यादा आहे ती अशी : मेगओममधील वाचनाला पॅनेलाच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने गुणावे, गुणाकार ४० हून कमी येऊ नये. ६० सेलांच्या पॅनेलाचे क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर भरते, म्हणजे वाचन किमान २५ मेगओम हवे. कोरडे असता शेकडो मेगओम आणि ओले होताच दोन-चार मेगओम, असा फरक जेथे पडेल ते पॅनेल उन्हाळ्यात उत्तम चालेल आणि मृगात दगा देईल. विक्रेत्याचा मीटर हे कधीच दाखवू शकत नाही. रिवाइंडिंगवाल्याच्या अर्ध्या तासाच्या मजुरीत हा प्रश्न सुटतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील दोन-चार शेतकऱ्यांची पॅनेले एकाच दिवशी तपासून घेण्याची व्यवस्था केल्यास खर्च आणखी कमी होईल.

चौथी पारख सोपी आहे. पॅनेल भारावर अर्धा तास चालवून पाठीमागून उष्णतामापकाने निरनिराळे सेल पाहावेत. एखादाच सेल शेजाऱ्यांपेक्षा वीस अंशांनी अधिक तापत असेल, तर तेथे पुढे मागील आवरण जळण्याचा संभव आहे.

जोडणी

मोठ्या पंपावरील पॅनेले एकापुढे एक जोडलेली असल्यामुळे त्या माळेत काही शे व्होल्टचा डीसी दाब असतो. तो प्राणघातक आहे. सूर्य डोक्यावर असेपर्यंत ही वीज बटण दाबून बंद करता येत नाही, ही गोष्ट वीज मंडळाच्या तारेशी सवय झालेल्या मनुष्याच्या ध्यानात सहजी येत नाही. म्हणून अशी माळ उतरविण्याचे काम जाणकार वायरमनकडूनच करवावे. खोपीच्या लहान व्यवस्थेत दाब ६० व्होल्टच्या आतच राहील अशी योजना करावी.

समजा, खोपीवर सात वॉटचे चार दिवे पाच तास, पंचवीस वॉटचा डीसी पंखा आठ तास आणि दोन मोबाइल, एवढा वापर आहे. दिव्यांना १४०, पंख्याला २०० व मोबाइलला सुमारे २० मिळून रोज ३६० वॉट-तास लागतात. २०० वॉटपर्यंत उतरलेले पॅनेल दिवसाला साडेचार तासांचे पूर्ण ऊन धरले, व वाटेतील घट पस्तीस टक्के मानली, तरी ५८० च्या वर वॉट-तास देते. आषाढ-श्रावणात ऊन निम्म्याहून कमी मिळते. त्या दिवसांत पंखा आवरता घ्यावा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरावयाची असा नियम ठेवल्यास तिच्यातून ६०० वॉट-तास मिळतात. हे गणित एवढ्यासाठी की, पॅनेल जुने व मंद असले तरी अडत नाही हे दिसावे. बॅटरी मात्र जुनी घेऊ नये. तेथे स्वस्ताई अंगाशी येते.

आता चार्ज कंट्रोलर. ६० सेलांचे पॅनेल सुमारे ३० व्होल्टवर काम करते आणि १२ व्होल्टची बॅटरी १३-१४ व्होल्टवर चार्ज होते. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर मधला दाब वाया घालवितो, त्यामुळे २५० वॉटच्या पॅनेलातून जेमतेम ११० वॉट बॅटरीत उतरतात. एमपीपीटी कंट्रोलर तोच दाब प्रवाहात बदलतो. येथे बाजारातील एक लबाडी सांगितली पाहिजे : बाहेर 'एमपीपीटी' छापलेले व आत साधेच, असे स्वस्त कंट्रोलर सर्रास विकले जातात. क्लॅम्प मीटरने दोन्ही बाजूंचा प्रवाह मोजावा. बॅटरी उतरलेली असताना बॅटरीकडील प्रवाह पॅनेलाकडील प्रवाहाच्या दुपटीजवळ गेला तर माल खरा. दोन्ही सारखेच असतील तर परत करावा. कंट्रोलर किती व्होल्ट सोसतो तेही पाहावे, कारण पौषातील थंड सकाळी पॅनेलाचा दाब पट्टीवरील आकड्याच्याही वर जातो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडताना आधी पॅनेल, मग बॅटरी, हा क्रम मोडू नये.

घरातील साधे बटण डीसीला चालत नाही. आपल्याकडील एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटणातील ठिणगी आपोआप विझते. डीसीची ठिणगी विझत नाही, जळतच राहते. यासाठी 'डीसी' असे स्पष्ट लिहिलेला एमसीबी घ्यावा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज असलाच पाहिजे. या व्यवस्थेस ३० अँपिअरचा पुरेल. लघुपरिपथ झाल्यास बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते, आणि फ्यूजवाचून तार लाल होऊन जवळ जे असेल ते पेटविते. कडबा, गवत, खताची रिकामी पोती यांपासून बॅटरी व तारा दूर असाव्यात. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी, चुलीपासून व निजण्याच्या जागेपासून लांब ठेवावी.

१२ व्होल्टच्या बाजूस तारेची जाडी फार महत्त्वाची आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून दहा मीटर अंतरावर आठ अँपिअर नेले, तर जाता-येता सुमारे १.२ व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा, वाटेतच खर्ची पडतो. सहा चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ही घट अर्ध्या व्होल्टवर येते.

दोन जुनी पॅनेले समांतर जोडावयाची झाल्यास सेलसंख्या सारखी असावी. तीन वा अधिक असतील तर प्रत्येकास स्वतंत्र फ्यूज लागतो, अन्यथा बिघडलेल्या एका पॅनेलात बाकीच्यांचा प्रवाह उलटा शिरतो. चौकटीस भोके पाडू नयेत. मूळच्याच भोकांतून बोल्ट घालून पॅनेल कोनावर आवळावे. अठरा-वीस किलोंचे हे फळकूट वळवाच्या वाऱ्यात तारेने बांधून टिकत नाही. तोंड दक्षिणेस, उतार अठरा ते वीस अंश, पत्रा व पॅनेल यांत हवा खेळण्याइतकी फट, आणि चौकटीस पक्के अर्थिंग ठेवावे. एसी उपकरणासाठी इन्व्हर्टर लावणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. काही स्वस्त इन्व्हर्टरांत बॅटरीची बाजू २३० व्होल्टच्या बाजूपासून विलग केलेली नसते. तेथे गळके पॅनेल असल्यास पत्र्यातच वीज उतरू शकते. शक्य तोवर दिवे व पंखे डीसीचेच घ्यावेत.

नाकारलेल्या व फुटलेल्या पॅनेलांचे काय करावे, हाही प्रश्न येतो. त्यांच्या डाखात शिसे असते व मागील आवरण जाळल्यास विषारी धूर निघतो. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून सौर पॅनेले त्यांच्या कक्षेत आहेत. फुटके पॅनेल बांधावर टाकू नये, उकिरड्यावर जाळू नये. ते पोत्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे अथवा त्याच्या संकलन केंद्राकडे द्यावे.