तंतुकणिकेच्या आत काय चालतं?

‘तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र’ एवढं पाठ करून आपण सगळे पुढे गेलो. पण खरी मजा त्याच्या पुढेच आहे!

खाल्लेल्या भाकरीतल्या ग्लुकोजपासून सुटलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलात एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होतं. या प्रवासातल्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि धरणात अडवलेल्या पाण्यासारखे तिथे साठतात. परतीची मुख्य वाट एटीपी सिंथेज या प्रथिनातून. प्रोटॉन आत शिरले की त्याचा एक भाग अक्षरशः गरगर फिरतो आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतो. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही प्रोटॉनची कल्पना मांडली तेव्हा फारसं कुणाला पटलं नाही. १९७८ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं.

एटीपी सिंथेजसारखंच प्रथिन जिवाणूंतही असतं, कारण तंतुकणिका मुळात जिवाणूंचेच वंशज! १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी हे ठामपणे मांडलं. आजही आपल्या तंतुकणिकेत ३७ जनुकांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो, आणि तो आपल्याला आईकडून मिळतो.

घरात दहावीचं विज्ञानाचं पुस्तक असेल, तर पेशीश्वसनाचा भाग आज पुन्हा वाचा. परीक्षा नसताना वाचण्यासारखाच आहे तो.