मराठी मजकुरास यंत्र कसें हवें?

शब्द लिहिणें आणि शब्द मांडणें हीं दोन निराळीं कामें होत. जुन्या छापखान्यांत हा भेद कोणास समजावून द्यावा लागत नसे. लेखक मजकूर लिही, जुळारी शिशाचे खिळे जुळवी आणि मुद्रितशोधक चुका काढी. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईस छापील मराठी पंचांग काढलें. पुढें निर्णयसागराच्या जावजी दादाजींनीं देवनागरी टाइपास सौष्ठव आणून दिलें. अशा कामांमागें अनेक कसलेले हात असत. संगणक आल्यापासून हीं तिन्ही कामें एकाच माणसाच्या गळ्यांत पडलीं आहेत. तेव्हां जुळाऱ्याचें ज्ञान आतां सॉफ्टवेअरच्याच अंगीं असलें पाहिजे. तें ज्ञान कोणतें, एवढेंच आज पाहूं.

पहिला गुण अक्षर ओळखण्याचा. संगणक अक्षर साठवितो तें चित्र म्हणून नव्हे, तर क्रमांक म्हणून. पूर्वीच्या पुष्कळ मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फाँट जवळ असेपर्यंत मजकूर मराठी दिसे. तो नाहींसा होतांच पानभर रोमन अक्षरांचा काला उरे. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली आणि देवनागरी वर्णांना जगभर चालणारे ठराविक क्रमांक मिळाले.

हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाहीं. माझें गांव दाभोसा. जव्हारच्या डोंगरांत, धबधब्याच्या शेजारीं वसलेलें. इकडील वारली आणि कोकणा वृद्धांच्या तोंडचे रानभाज्यांचे, अवजारांचे व नात्यागोत्याचे शब्द मीं वहींत टिपले व एका दुकानांत टंकून घेतले. दुकानदारानें ते आपल्या खास फाँटांत बसविले. पुढें दुकान मोडलें आणि फाँटहि गेला. आज ती फाइल उघडते, पण वाचतां येत नाहीं. शब्द सांगणाऱ्यांपैकीं कित्येक आतां हयात नाहींत. कागदाची वही राहिली, म्हणूनच तो संग्रह वांचला.

दुसरा गुण जोडाक्षरांचा विवेक. समुद्र तो दर्या. आमच्या डोंगरांत आहेत त्या दऱ्या. पहिल्यांत रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यांत र आडवा होऊन य च्या अलीकडे बसतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे शब्द ज्या यंत्रास सारखेच, त्याच्यावर लग्नपत्रिका सोंपविणें धोक्याचें! तसेंच ओळ मोडतांना जोडाक्षराचे दोन तुकडे होतां कामा नयेत, आणि वेलांटी आपल्या अक्षरास सोडून दुसऱ्या ओळींत जातां कामा नये.

तिसरा गुण वर्णक्रमाचा. युनिकोडच्या यादींत ळ हा ल आणि व यांच्यामध्यें बसला आहे; आपल्या वर्णमालेंत तो ह च्या नंतर येतो. केवळ क्रमांक पाहून सूची लावणारें यंत्र ‘काळ’ हा शब्द ‘कावड’च्या आधीं ठेवील. मराठी वाचक मात्र तो ‘काहूर’च्याहि पुढें शोधील, आणि शब्द ग्रंथांत असूनहि त्यास सांपडणार नाहीं.

चौथा गुण सर्वांत महत्त्वाचा: मजकूर आणि त्याचा पेहराव वेगळे ठेवणें. अमेरिकेंतील डोनाल्ड कनूथ यांस १९७७ सालीं आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून असमाधान वाटलें. दुसऱ्यास दोष देत न बसतां त्यांनीं ‘टेक्’ ही मुद्रणव्यवस्था स्वतः रचली आणि सर्वांस विनामूल्य दिली. तिच्या आधारें लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं केलेल्या ‘लाटेक्’मध्यें लेखक एवढेंच सांगतो कीं, हें प्रकरणाचें नांव, ही तळटीप. आकार, अंतर, अनुक्रमणिका आणि पृष्ठांक यांची चिंता यंत्र वाहतें. पेहराव बदलावयाचा झाल्यास तो एका ठिकाणीं बदलला कीं सबंध ग्रंथांत बदलतो. शब्दास धक्का लागत नाहीं.

शेवटची अपेक्षा गरिबांची आहे. यंत्र स्वस्त असो, इंटरनेट गेलेलें असो. खेड्यांतील अर्ज व शाळेची प्रश्नपत्रिका अडून राहूं नये.

आपल्या घरचीं पत्रें, आठवणी, वंशावळी कोणत्याहि सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करण्यापूर्वीं चार परीक्षा घ्याव्यात. दर्या आणि दऱ्या लिहून पाहावें. ळ असलेल्या शब्दांची सूची लावावी. फाँट बदलून मजकूर टिकतो का पाहावें. आणि तीच फाइल शेजाऱ्याच्या संगणकावर उघडावी. चारींत उतरेल त्याच यंत्रावर विश्वास ठेवावा. आणि तरीहि एक प्रत कागदावर काढून घरीं ठेवावी.