आखूडशिंगी मोटारी
आयल ऑफ मॅन हे मोटारसायकल शर्यतींचं बेट. तिथल्या पील गावची ‘पील इंजिनिअरिंग’ फायबरग्लासच्या होड्या आणि मोटारसायकलींची फेअरिंग, म्हणजे वारा कापणारी पुढची आवरणं, बनवायची. फायबरग्लासवर हात बसलेलाच होता. १९६२ मध्ये त्यातूनच ‘पी-५०’ ही मोटार निघाली. लांबी जेमतेम १३७ सेंटिमीटर, इंजिन ४९ सीसी, चाकं तीन, दार एक. रिव्हर्स गिअर नाहीच; खाली उतरायचं, मागची मूठ धरायची आणि गाडी ओढून वळवायची!

आपल्याकडची गोष्ट याहून जुनी, आणि जरा चटका लावणारी. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्येच दोन आसनी ‘मीरा’चा पहिला नमुना तयार केला. इंजिन मागे, स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेन्शन. सत्तरच्या दशकापर्यंत ते एकामागून एक नमुने सुधारत राहिले. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायची होती. परवानाराजच्या त्या काळात मोठं उत्पादन काही सुरू झालं नाही.

वऱ्हाडकरांसाठी एक हिशेब. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर साडेचार दिवसांतच टाकून गिनीज विक्रम झाला. ताशी साठच्या वेगानं पी-५० तेवढं अंतर सव्वा तासात कापेल. पीलची पुढची ‘ट्रायडंट’ मात्र अकोल्याच्या मे महिन्यात नको. तिचं छप्पर म्हणजे पारदर्शक घुमट.