विकलेल्या लेन्सची साक्ष

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स इंटरनेटवर जाहिरात देऊन विकली. नागपूरच्या एका महाविद्यालयीन तरुणाने ती ६,००० रुपयांना घ्यायचे ठरवले. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले लेन्स पाहिल्यावर, असा आमचा करार होता. ३,००० रुपये खात्यात जमा झाले आणि मी रत्नागिरीहून पार्सल रवाना केले.

पाचव्या दिवशी फोन आला. "सर, लेन्सच्या आत बुरशी आहे. उरलेले पैसे मी देणार नाही. लेन्स परत घ्या आणि माझे ३,००० परत करा."

मला राग आला. पाठवण्यापूर्वी मी ती ट्यूबलाइटखाली नीट पाहिली होती. काच स्वच्छ होती. महिनाभरापूर्वी तिने काढलेली छायाचित्रेही सुरेख आली होती. हा मुलगा भाव पाडतो आहे, की दुसरीच खराब लेन्स माझी म्हणून दाखवतो आहे?

विद्यार्थी मित्रांनो, एकाच वस्तूविषयी दोन माणसे परस्परविरुद्ध गोष्टी सांगू लागली, तर खरे कोण हे कसे ठरवायचे? आवाज चढवून नव्हे. प्रयोगशाळेत ठरवतो तसेच.

पहिला प्रश्न, वस्तू तीच आहे का? लेन्सवर कारखान्याने कोरलेला अनुक्रमांक असतो. तो मी वहीत टिपून ठेवला होता. तरुणाने पाठवलेल्या चित्रफितीत तोच क्रमांक स्पष्ट दिसत होता. माझी एक शंका तिथेच फिटली.

दुसरा प्रश्न, दोघांनी पाहिले कसे? मी उजेडात पाहिले होते. त्याने अंधाऱ्या खोलीत, मागून तिरकस टॉर्च धरून पाहिले होते. फरक इथेच आहे. घरात कवडसा येतो तेव्हा त्यात धूलिकण तरंगताना दिसतात. ते खोलीभर असतातच; पण कवडशात त्यांच्यामुळे प्रकाशाचे विकिरण होते आणि मागची बाजू काळोखी असल्याने ते चमकून उठतात. बुरशीचे बारीक तंतूही तसेच. मी त्याच कपाटातली माझी दुसरी लेन्स काढली, दिवे मालवले आणि टॉर्च लावला. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आत लखलखली! हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांहून अधिक राहिली की अशी बुरशी वाढते, आणि कोकणात पावसाळाभर तसेच असते. शिवाय पार्सलच्या चार-पाच दिवसांत इतके जाळे वाढणे संभवत नाही. म्हणजे ती माझ्याच घरची होती.

तिसरा प्रश्न, मग छायाचित्रे चांगली कशी आली? लेन्सचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर. छिद्र पूर्ण उघडले, म्हणजे एफ/१.८ ला, त्याचा व्यास ५० भागिले १.८, सुमारे २८ मिलिमीटर. प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूकडे या संपूर्ण छिद्रातून प्रकाश जातो. छिद्राजवळ १ मिलिमीटर व्यासाचा डाग असला, तर तो फक्त ७८४ वा हिस्सा प्रकाश अडवील. एफ/१६ ला मात्र व्यास ३ मिलिमीटरच उरतो. तोच डाग आता सुमारे दहावा हिस्सा अडवू शकेल. शिवाय समोर सूर्य किंवा दिवा असेल तर तंतूंवरून विखुरलेला प्रकाश चित्र धूसर करील. तरुण खोटे बोलत नव्हता, मीही नव्हतो. पण माझे निरीक्षण अपुरे होते.

मी त्याला फोन करून चूक कबूल केली. लेन्स परत पाठवावी, मी आगाऊ रक्कम आणि टपालखर्च देईन, किंवा साफसफाईचे १,५०० रुपये वजा करून बाकीचे द्यावेत, असे दोन पर्याय दिले. त्याने लेन्स ठेवली आणि १,५०० रुपये पाठवले.

उलट गिऱ्हाईक लबाड असते तर? तेव्हाही आधार पुराव्याचाच. पाठवण्यापूर्वी टॉर्चच्या प्रकाशात चित्रफीत घ्यावी, अनुक्रमांक दाखवावा, दोष जाहिरातीतच लिहावेत, पार्सलची पावती आणि सर्व बोलणे लेखी जपावे. पैसे आल्याचे नुसते चित्र कोणी पाठवले तर त्यावर विसंबू नये; स्वतःच्या खात्यातील जमा पाहावी. आणि लक्षात ठेवा, यूपीआयचा गुप्त क्रमांक पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

घरी एक प्रयोग करून पाहा. वाचनाच्या भिंगावर कापसाचा एक तंतू ठेवा. आधी उजेडात आणि मग अंधारात, मागून तिरकस टॉर्च धरून पाहा. "मी नीट पाहिले होते" असे म्हणण्यापूर्वी कोणत्या प्रकाशात पाहिले होते, हे सांगण्याची सवय त्यातून लागेल. मला ती १,५०० रुपयांना लागली.