पावसाळ्यात सोलरची बॅटरी का बसते? जनरेटर नसेल तर एवढं सांभाळा

खानापूर तालुक्याच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात कधी कधी आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. लाईटच्या लाईनपासून लांब असलेली रानातली घरं आणि शेतघरं अशा वेळी सोलरवरच चालतात. जनरेटर ठेवणं प्रत्येकाला परवडत नाही. मग दिवाळीच्या सुमारास तक्रार ऐकू येते, ‘बॅटरी दोन वर्षांतच गेली.’ बहुतेक वेळा दोष कंपनीचा नसतो, त्या चार महिन्यांतल्या वापराचा असतो.

बॅटरी मरते कशी?

पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीत करंट वापरला की प्लेटवर शिशाचं सल्फेट जमतं. लवकर फुल्ल चार्ज केली तर ते विरघळतं. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली तर तेच सल्फेट कडक होऊन बसतं आणि पुन्हा निघत नाही. म्हणजे बॅटरी वापरल्यानं जेवढी खराब होत नाही, तेवढी अर्धवट ठेवल्यानं होते.

हिशेब मांडून बघा

12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 1800 वॉट-अवर मावतात. त्यातले निम्मे, म्हणजे 900, एवढेच वापरावेत. 300 वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 1200 वॉट-अवर देतं. काळ्याकुट्ट ढगात तेच 200-300 वर येतं.

आता खर्च बघा. 9 वॉटचे तीन बल्ब पाच तास लावले तर 135. साधा 75 वॉटचा पंखा आठ तास चालला तर 600. आणि कुणाच्या लक्षात न येणारा खर्च इन्व्हर्टरचा. काहीही लावलेलं नसताना तो 15 वॉट खात असेल तर चोवीस तासांत 360 होतात. ढगाळ दिवसाची सगळी कमाई त्यातच जाते!

म्हणून पावसाळ्यात इन्व्हर्टर गरजेपुरताच चालू करावा. बल्ब आणि मोबाईल चार्जिंग थेट 12 व्होल्टवर घ्यावं.

पहिलं ऊन बॅटरीचं

बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं की घरात टीव्ही, मिक्सर सगळं एकदम सुरू होतं. नेमकं उलट करायला हवं. त्या दिवशी लोड बंद ठेवून बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत जाऊ द्यावी आणि दोन-तीन तास तिथेच राहू द्यावी. दर आठ-पंधरा दिवसांनी एकदा तरी बॅटरी अशी फुल्ल व्हायला हवी. ते जमलंच नाही, तर लाईट असलेल्या गावात नेऊन चार्जरवर लावावी. मात्र ती पन्नास किलोंच्या वर भरते आणि आत ॲसिड असतं, त्यामुळे आडवी न करता उभीच न्यावी.

हे विसरू नका

- पहाटे, लोड बंद असताना मल्टीमीटर लावा. 12.7 म्हणजे फुल्ल, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली गेली तर वापर थांबवा.
- प्लेटा पाण्याखाली हव्यात. डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही बॅटरी फुल्ल झाल्यावर. ॲसिड कधीच घालू नका.
- चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा वायू निघतो. खोली हवेशीर ठेवा, जवळ विडी-काडी नको.
- मृगाआधी पॅनेलवर सावली टाकणाऱ्या फांद्या तोडा. थोडी सावलीही बराच करंट खाते.

लिथियम बॅटरीचं गणित वेगळं आहे. ती अर्धी राहिली तरी बिघडत नाही, पण पूर्ण रिकामी करून आठवडेच्या आठवडे सोडू नये.

करंट पुरत नाही म्हणून अनेकजण दुसरी बॅटरी जोडतात. पण भरायला ऊनच नसेल तर एकीच्या जागी दोन बॅटऱ्या अर्धवट राहतात. हाताशी पैसे असतील तर आधी पॅनेल वाढवावं, बॅटरीचा विचार नंतर करावा.